व्हिक्टोरियन दिवस (शालेय उपक्रम)

इंग्लंडमधील प्राथमिक शाळांतल्या मुलांना राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतील (२० जून १८३७ ते २२ जानेवारी १९०१) जीवन अनुभवता यावे म्हणून योजला जाणारा उपक्रम. साधारण सात ते अकरा वर्षांची मुले त्या दिवशी जुन्या धर्तीचे कपडे घालून येतात: मुलगे टोपी आणि बंडी, मुली झग्यावर पांढरा एप्रन. बाई काळा पायघोळ झगा नेसून, अंबाडा घालून वर्गात शिरतात आणि दिवसभर हसत नाहीत. मुलांच्या आठवणीत बहुधा हे न हसणेच सर्वांत जास्त काळ टिकते.

दिवसाची सुरुवात प्रार्थना आणि हात-नखे तपासण्याने होते. मग पाढे एका सुरात म्हणणे, पाटीवर अक्षर गिरवणे, टाक दौतीत बुडवून वळणदार लिहिणे, बाकाशेजारी उभे राहून कवायत. गणितात १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड धरून बेरजा घालतात आणि दशमान नाण्यांत वाढलेली मुले तिथे हमखास अडखळतात. मुली शिवणाला बसतात, मुलगे चित्रकलेला. डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावतात, कोणाच्या तरी डोक्यावर ‘ढ’ची उंच टोपी चढते. छडी मात्र मेजावरच आपटते. सरकारी अनुदानावरील शाळांत अंगावर छडी मारणे १९८६ च्या कायद्यानुसार १९८७ पासून बंद झाले. पाटी-पेन्सिलीचे मराठी वाचकाला नवल वाटणार नाही, ती महाराष्ट्रातल्या शाळांत विसाव्या शतकातही रुळलेली होती.

उपक्रम फोफावला तो अभ्यासक्रमामुळे. १९८८ च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि १९९१ पासून इतिहासात ‘व्हिक्टोरियन ब्रिटन’ हा घटक याच वयोगटाला नेमला गेला. २०१४ च्या फेररचनेत तो नेमलेला घटक म्हणून उरला नाही. आता तो स्थानिक इतिहासाच्या निमित्ताने येतो, किंवा लहान वर्गांत पहिली एलिझाबेथ व व्हिक्टोरिया यांच्या तुलनेतून. तरीही तो टिकला आहे, कारण कित्येक शाळा आजही त्याच काळच्या इमारतींत भरतात. दोन वेगळ्या दारांवर कोरलेले ‘मुलगे’ आणि ‘मुली’ हे शब्द मुलांना रोज डोक्यावर दिसतात.

ज्यांच्याकडे अशी इमारत नाही त्यांना संग्रहालये जवळ करतात. पूर्व लंडनच्या कॉपरफिल्ड रोडवर, कालव्याकाठच्या गोदामांत अनाथ व गरीब मुलांसाठी झटणारे समाजसेवक डॉ. बर्नार्डो यांनी १८७७ मध्ये गरीब मुलांसाठी मोफत शाळा उघडली. ती १९०८ मध्ये बंद झाली. तिथेच १९९० पासून संग्रहालय असून जुन्या वर्गात तास घेतले जातात. लंडनच्या उत्तरेकडील हिचिन या गावी १८३७ ची एक प्रचंड वर्गखोली शाबूत आहे. एकच मास्तर, शेकडो मुलगे आणि धाकट्यांना शिकवणारे थोरले विद्यार्थी, अशा पद्धतीसाठी ती बांधलेली. या पद्धतीची एक मुळी भारतात आहे. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने मद्रासमध्ये मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले आणि तोच धडा अनाथालयात लागू करून पुढे विलायतेत नेला. धूळपाटीचा हा प्रवास वर्गात क्वचितच सांगितला जातो.

खेळातून निसटते ते पाठांतराचे कारण. १८६२ च्या नियमांनी अनुदान निकालाला बांधले होते. पुरेशी हजेरी भरलेल्या मुलामागे परीक्षेवर ८ शिलिंग ठरलेले, आणि वाचन, लेखन, गणित यांपैकी एकेका विषयात तो नापास झाला की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. मास्तर कडक असत, पण त्यांच्या मागे ही परीक्षा घेणारा सरकारी तपासनीस उभा असे. छडी एवढीच दाखवली तर क्रूर मास्तर दिसतो, हिशेब दिसत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी. एका दिवसाच्या या नाटकात प्रत्येक मूल शाळेत असते. प्रत्यक्षात शतकाचा बराच काळ तसे नव्हते. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला, १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलग्यांना आणि सर्व स्त्रिया-मुलींना खाणीच्या पोटात उतरण्यास. १८४४ पासून गिरणीतली मुले अर्धा दिवस यंत्रावर आणि अर्धा दिवस बाकावर असत. अशा मुलाला पाढ्यावर डुलकी लागली तर नवल नव्हते. १८७० च्या कायद्याने गावोगावी शाळा काढणारी, निवडून दिलेली शाळा मंडळे आली, पण देशभर हजेरीची सक्ती झाली ती १८८० मध्ये, तीही दहाव्या वर्षापर्यंत. दोनच वर्षांनी पुण्यातून जोतीराव फुले यांनी भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. राणीच्या स्वतःच्या देशात ती मर्यादा १८९९ मध्ये आली.

म्हणून जाणते शिक्षक पोशाखाआधी किंवा नंतर कागद काढतात. १८६२ पासून मुख्याध्यापकांना शाळेची नोंदवही ठेवावी लागे. सुगीमुळे वर्ग ओस, गोवराची साथ, तपासनीस येऊन गेले, अशा कोरड्या ओळी तिच्यात असतात आणि मुले त्या मिटक्या मारत वाचतात. दुसरा कागद जनगणनेचा, दर दहा वर्षांचा. आपल्याच रस्त्यावरचे घर शोधायचे, आपल्या वयाचे नाव हुडकायचे आणि मग धंद्याच्या रकान्याकडे बोट सरकवायचे. तिथे कधी ‘विद्यार्थी’ असे लिहिलेले सापडते. कधी ‘गिरणी कामगार’, कधी ‘घरगडी’, आणि कधी रकाना रिकामाच असतो. मग मुले विचारतात, हा दिवसभर करत काय होता?