गॅटलिनचे बालसंदेष्टे

‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’ या अमेरिकन भयपटमालेत गावातल्या मोठ्या माणसांना मारून मुलांचा एक पंथ गावाचा ताबा घेतो. त्या पंथाचे हे बालनेते. त्यांचे मूळ स्टीफन किंग यांच्या याच नावाच्या कथेत आहे. ती १९७७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी ‘नाइट शिफ्ट’ या संग्रहात आली. १९८४ ते २०२३ या काळात त्या कथेच्या आधाराने अकरा चित्रपट निघाले. नेब्रास्का राज्यातले गॅटलिन हे काल्पनिक खेडे, त्याला चारी बाजूंनी वेढणारा मका आणि त्या मक्यात वावरणारे ‘ही हू वॉक्स बिहाइंड द रोज’ हे दैवत, एवढ्यावर ही मालिका उभी आहे. मराठीत त्या दैवताला ‘ओळींमागून चालणारा’ म्हणता येईल. तो चांगल्या पिकाच्या बदल्यात रक्त मागतो. त्याला नेमके काय हवे आहे हे गावात एकाच मुलाला कळते, आणि पंथातली सगळी सत्ता या ‘मला कळते’मधून निघते.

डोक्यावरून जाणाऱ्या उभ्या पिकात माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. ज्वारीच्या रानात किंवा उसाच्या फडात शिरलेल्याला हे वेगळे सांगायला नको. पानांची सळसळ वाऱ्याची की आत कोणी आहे म्हणून, हे बाहेरून ओळखता येत नाही. बालनेत्याला देऊळ बांधावे लागत नाही ते त्यामुळेच. शेतच त्याचे देऊळ होते.

पहिला चित्रपट १९८४चा. दिग्दर्शक फ्रिट्झ कीर्श, आणि चित्रीकरण आयोवा राज्यातले. सुरुवातीला रविवारची प्रार्थना आटोपून गावकरी कॅफेत बसलेले आहेत. काचेबाहेर काळी टोपी आणि काळे कपडे घातलेला एक ठेंगणा मुलगा उभा राहून आत बघतो. हा आयझॅक. तो उंबरा ओलांडत नाही, नुसती नजर देतो. आतली पोरे दार लावून घेतात. कॉफीत विष कालवलेले असते आणि त्यातून जे वाचतात त्यांच्यावर चाकू-कोयते चालतात. एकाचा हात मांस कापायच्या यंत्रात ढकलला जातो. सगळे काही मिनिटांत उरकते. हा प्रसंग आपल्याला जोब या लहान मुलाच्या तोंडून कळतो. तो त्या वेळी वडिलांबरोबर कॅफेत होता, आणि त्याच्या आवाजात आरडाओरडा नाही. मालिकेतले पुढचे कितीतरी रक्तपात यापेक्षा मोठे आहेत, पण काचेबाहेरच्या त्या पोराची सर त्यांना नाही.

आयझॅक बोलतो आणि मॅलकाय करतो, अशी इथे कामाची वाटणी आहे. मॅलकाय हा लाल केसांचा, उंच, हातात सतत पाते असलेला पोरगा. जिवंतपणी आयझॅकच्या हातून एकही खून होताना दिसत नाही. तो बायबलच्या भाषेत आज्ञा देतो, शिक्षा सुनावतो आणि मागे हटतो. या दोघांतला तणाव हाच चित्रपटाचा खरा कणा आहे, आणि तो भुताखेतांचा नसून निव्वळ सत्तेचा आहे. गावाबाहेर पेट्रोलपंप चालवणारा म्हातारा डील हा एकच प्रौढ आयझॅकने जिवंत ठेवलेला असतो, कारण तो इंधन पुरवतो आणि परक्यांना गावापासून दूर पाठवतो. मॅलकाय त्याला मारून येतो तेव्हा आयझॅक संतापतो. त्या रागात म्हाताऱ्याबद्दल दया नसते, चालू व्यवहार मोडल्याची चीड असते. जोबची धाकटी बहीण सारा चित्रे काढते. पंथात चित्रे, संगीत, खेळ सगळ्याला बंदी. तरी साराच्या चित्रांत पुढचे दिसते म्हणून आयझॅक तिला सवलत देतो, आणि नियम सर्वांना सारखा का नाही, हा मॅलकायचा आक्षेप असतो. कट्टर अनुयायी नेत्यापेक्षा कट्टर झाला की काय होते, ते पुढे दिसते. मॅलकाय बंड करतो आणि आयझॅकलाच मक्याच्या क्रुसावर चढवतो. दैवत आयझॅकला गिळते, त्याचे मेलेले शरीर पुन्हा उभे राहते आणि मॅलकायची मान मोडते.

पंथाचा मुख्य कायदा वयाचा. मुलांच्या लेखी सगळे पाप प्रौढपणात असते, म्हणून वयाची १९ वर्षे पूर्ण झाली की ज्याने त्याने मक्यात चालत जायचे. चित्रपटात एमॉस नावाच्या मुलाचा हा वाढदिवस येतो. त्याच्या छातीवर चाकूने खूण कोरली जाते आणि तो आनंदाने मक्यात जायला तयार असतो. या लेखकाच्या मते मालिकेतली सगळ्यात भेदक कल्पना हीच आहे. राजा म्हातारा होऊ शकतो, धर्मगुरू म्हातारा होऊ शकतो, पण या पंथात नेत्याचेही दिवस मोजलेले असतात. आयझॅक जो कायदा सांगतो तो एक दिवस त्याच्याही दाराशी येणार असतो.

नावांकडे नीट पाहायला हवे. पंथात आल्यावर मुले जन्मनाव टाकून जुन्या करारातले नाव घेतात. मराठी बायबलमध्ये ही मंडळी आपल्याला वेगळ्या रूपात भेटतात: आयझॅक म्हणजे इसहाक, मॅलकाय म्हणजे मलाखी, पुढच्या चित्रपटांतले माइका, जोसाया आणि इझिकिएल म्हणजे मीखा, योशीया आणि यहेज्केल. इसहाक हा बापाच्या हातून वेदीवर बळी जाता जाता वाचलेला मुलगा. गॅटलिनमध्ये त्याच नावाचा मुलगा सुरी उलटी फिरवतो आणि आईबापांनाच वेदीवर घालतो. मलाखी हे जुन्या करारातले शेवटचे पुस्तक आहे आणि त्याच्या अगदी अखेरीस बापांची मने मुलांकडे व मुलांची मने बापांकडे वळवण्याची भाषा आहे. योशीया आठव्या वर्षी यहूदाचा राजा झाला होता. पटकथा लिहिणाऱ्यांनी प्रत्येक नाव इतका विचार करून निवडले असेलच असे नाही, पण आयझॅक या नावातला अर्थ कथेच्या मुळाशी आहे.

पुढच्या चित्रपटांत बालनेता हळूहळू माणूस राहत नाही, दैवताचे भांडे होतो. दुसऱ्या भागात (१९९२) गॅटलिनची उरलेली मुले शेजारच्या हेमिंगफर्ड गावात आसरा घेतात, आणि माइका शेतात जाऊन झपाटला जातो. तिसऱ्या भागातला (१९९५) ईलाय अधिक लक्षात राहतो, कारण तो मका घेऊन थेट शिकागोत येतो. दत्तक घेणाऱ्या घरामागच्या बंद कारखान्याच्या आवारात तो बी पेरतो. दत्तक बाप धान्याच्या व्यापारातला असतो. कीड न लागणारा हा मका जगभर विकायची स्वप्ने तो पाहू लागतो. इथे प्रौढांना चाकूची भीती दाखवावी लागत नाही, नफा दाखवला की पुरते.

चौथ्या भागातला (१९९६) जोसाया हा सगळ्यांत करुण. नेओमी वॉट्स यांची सुरुवातीच्या काळातली प्रमुख भूमिका याच चित्रपटात आहे. जोसाया बालउपदेशक असतो आणि त्याच्या प्रवचनांना गर्दी होते. तो वाढू लागला तर गर्दी ओसरेल, म्हणून मोठी माणसे त्याची वाढ खुंटवण्यासाठी त्याला पारा देतात. ही कल्पना हवेतून आलेली नाही. अमेरिकेच्या सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या, परंपरेत लहान मुलांना व्यासपीठावर उभे करण्याची रीत खरोखर होती. मार्जो गॉर्टनर यांना चौथ्या वर्षी धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मोठेपणी त्यांनी या धंद्याची आतली बाजू उघड केली, आणि त्यावरच्या १९७२च्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. जोसायाच्या गोष्टीत पंथ मुलांनी उभारलेला नसून प्रौढांनी आधी एका मुलाला वापरून घेतलेले आहे. हा धागा चित्रपटाने शेवटपर्यंत धरायला हवा होता, पण तो ताप, रक्त आणि सूडात हरवतो.

पाचवा भाग (१९९८) आणि २००१, २०११ व २०१८ सालचे भाग बालनेत्यांच्या दृष्टीने फारसे काही नवे सांगत नाहीत. १९९९च्या सहाव्या भागात मात्र आयझॅक स्वतः १९ वर्षांच्या बेशुद्धीतून जागा होतो. आता तो प्रौढ आहे, त्याला मुलगा आहे, तरी तोच कायदा सांगतो आहे. ज्या नियमाने इतरांना मक्यात धाडले तो त्याने स्वतःला लावला नाही, आणि यातून पुष्कळ काही करता आले असते.

या भूमिकेत १९८४ आणि १९९९ अशा दोन्ही वेळी जॉन फ्रँकलिन हेच होते, आणि सहाव्या भागाच्या लेखनातही त्यांचा हात आहे. पहिल्या चित्रपटाच्या वेळी ते चोविशीच्या आसपास होते. वाढीच्या संप्रेरकाच्या कमतरतेमुळे ते लहान दिसत. आयझॅकचा चेहरा पोराचा आणि नजर व आवाज पोराचा नाही, ही जी अस्वस्थता प्रेक्षकाला जाणवते तिचे कारण हे. याच्या उलट डोनाल्ड बोर्चर्स यांनी २००९ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या आवृत्तीत आयझॅक खराच लहान मुलगा आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियात चित्रित होऊन २०२३ मध्ये अमेरिकेत पडद्यावर आलेल्या चित्रपटात नेतेपद ईडन या बारा वर्षांच्या मुलीकडे जाते. तिच्या गावातला मका मोठ्यांच्याच निर्णयांनी मरत चाललेला असतो. मोठ्यांनी जमीन घालवली हा तिचा राग खरा आहे, आणि म्हणून ती आयझॅकपेक्षा समजण्याजोगी वाटते.

मूळ कथेत आयझॅक जेमतेम शेवटच्या पानांवर येतो. तो नऊ वर्षांचा आहे. कथेचा मोठा भाग बर्ट आणि विकी या भांडणाऱ्या नवराबायकोचा आहे. बर्टला चर्चमध्ये एक वही सापडते. तीत मुलांची नवी नावे, जुनी नावे, जन्माची तारीख आणि पुढे मृत्यूची तारीख. दोन्ही तारखांत दिवस आणि महिना तोच, वर्षे तेवढी १९ पुढची. कोणी अजून न सांगितलेले सगळे त्या दोन रकान्यांत लिहिलेले असते. बर्ट आणि विकी संपल्यावर आयझॅक मुलांना जमवून आपले स्वप्न सांगतो: दैवत नाराज आहे, कारण हा बळी त्याला स्वतःच घ्यावा लागला. यापुढे वयाची मर्यादा १९ नाही, १८. कोणी विचारत नाही की हे स्वप्न तुलाच का पडले. त्याच संध्याकाळी अठरा पूर्ण केलेले सगळे मक्याकडे निघतात, त्यांत मॅलकायही आहे. त्याची रूथ गरोदर आहे. ती त्याला हात हलवून निरोप देते आणि रडते. मक्याचा तिला मनातून तिटकारा आला आहे, आणि सप्टेंबरात धाटे वाळली की दोन्ही हातांत पेटते पलिते घेऊन शेतात शिरावे, असे स्वप्न ती पाहते. पण ओळींमागून चालणाऱ्याला मनातलेही दिसते, याची तिला भीती आहे. अंधार पडतो आणि गॅटलिनभोवती मका सळसळत राहतो.