बिंबाणू

बिंबाणू : (रक्तपट्टिका, रक्तबिंबिका, प्लेटलेट). रक्तातील चपट्या तबकडीसारखे, केंद्रक नसलेले सूक्ष्म कण. व्यास साधारणतः २ ते ३ मायक्रोमीटर. निरोगी प्रौढाच्या १ घ.मिमी. रक्तात ते १.५ ते ४ लाख असतात व ७ ते १० दिवस टिकतात. सुमारे एक-तृतीयांश बिंबाणू प्लीहेत साठलेले असतात.

शोध व उगम : आल्फ्रेड दोने यांनी १८४२ च्या सुमारास रक्तातील बारीक कणांचा उल्लेख केला. माक्स शुल्ट्से यांनी १८६५ मध्ये त्यांचे अधिक नेमके वर्णन केले. झॉर्झ आयेम यांना ते तांबड्या कोशिकांची पूर्वावस्था वाटले. जूल्यो बित्सोत्सेरो यांनी १८८० नंतर लवकरच जिवंत प्राण्याच्या आंत्रबंधातील (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातील) रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीला इजा होताच हे कण तेथे चिकटून गोळा होताना त्यांना दिसले. कणांचे कार्यही त्यांनीच ओळखल्यामुळे शोधाचे श्रेय त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक ठरते.

जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये रंजनक्रियेने दाखवले की, बिंबाणूंतील कणिका आणि अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या अवाढव्य कोशिकांतील कणिका एकाच जातीच्या आहेत; म्हणजे बिंबाणू हे त्या कोशिकांचेच तुटलेले अंश. ही तुटण्याची क्रिया कोठे होते, हा वाद मात्र उरला. या कोशिका फुप्फुसांतील वाहिन्यांतही सापडतात. उंदरांवरील २०१७ मधील अभ्यासात सुमारे निम्मे बिंबाणू फुप्फुसांत सुटत असल्याचे दिसले. त्याही कोशिका बव्हंशी मज्जेतूनच आलेल्या असल्याने दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. माणसाच्या बाबतीत मज्जेलाच प्रधान स्थान देणे इष्ट.

कार्य : वाहिनीचे अस्तर फाटले की आतले कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते. फोन विलेब्रांट घटक या रक्तातील प्रथिनाच्या साहाय्याने बिंबाणू त्याला चिकटतात, आकार बदलतात, एडीपी व थ्राँबोक्सेन ही रसायने सोडून इतर बिंबाणूंना ओढून घेतात आणि फायब्रिनोजेन या रक्तातील प्रथिनाने एकमेकांना जखडतात. हीच क्रिया हृदयाच्या रोहिणीतील फुटलेल्या मेदथरावर घडली, तर हृद्‌रोगाचा झटका येतो. ॲस्पिरिनमुळे थ्राँबोक्सेन बनवणारे एंझाइम कायमचे निकामी होते. केंद्रकाअभावी बिंबाणूला ते पुन्हा पुरेसे बनवता येत नाही, म्हणून औषधाचा परिणाम त्या बिंबाणूच्या आयुष्यभर राहतो.

विकार : संख्या घटली की त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, काच दाबून धरली तरी ते फिके पडत नाहीत. मज्जेचे विकार, कर्करोगावरील औषधे, डेंग्यू व स्वप्रतिरक्षा (प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच बिंबाणूंवर केलेला हल्ला) ही प्रमुख कारणे. ग्लान्त्समान यांनी १९१८ मध्ये वर्णिलेल्या विकारात बिंबाणूंची संख्या पुरेशी असूनही रक्तस्राव होतो.

अहवालातील कमी आकड्याने रुग्णाचे घर हवालदिल होते. पण परीक्षानळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे बिंबाणूंचे पुंजके झाले, तर यंत्र खोटी घट दाखवते. तेव्हा काचपट्टीवरील रक्ताचा थर डोळ्यांनी पाहणे आणि सायट्रेट हे दुसरे गोठणरोधक असलेल्या नळीत नमुना पुन्हा घेणे आवश्यक असते. रक्तदात्याने दिलेले बिंबाणू २० ते २४° से. तापमानात, सतत हलते ठेवून, साधारणतः ५ दिवस साठवता येतात.