पस्तीस ठिपके, बारा तारा

दिव्यांच्या ठिपक्यांनी अक्षरं दाखवणाऱ्या पाटीचा मोबाइलने फोटो काढला आणि त्यात अक्षरं अर्धवट आली, की ‘पाटी बिघडलीय’ असं हमखास म्हटलं जातं. पाटी ठणठणीत असते. डोळ्याला न दिसणारी एक गोष्ट कॅमेऱ्याने टिपलेली असते, आणि ही जुन्या वळणाची अक्षरं अशी का घडली हेही तिच्यावरूनच कळतं.

रोमन अक्षरांसाठी रुळलेलं जाळं म्हणजे पाच उभ्या रांगा आणि सात आडव्या ओळी. एका अक्षराला ३५ दिवे. प्रत्येकाला वेगळी तार द्यायची तर वीस अक्षरांच्या पाटीला ७०० तारा! यावरची युक्ती मला अजूनही भुरळ घालते. प्रत्येक ओळीला एक तार, प्रत्येक रांगेला एक, आणि दिवा दोघींच्या छेदावर. दिवे ३५, तारा फक्त १२. पण समजा, पहिल्या ओळीतला पहिला आणि दुसऱ्या ओळीतला दुसरा, एवढेच दिवे लावायचेत. दोन्ही ओळी आणि दोन्ही रांगा एकदम जोडल्या की चारही छेदांवर वीज पोचते आणि नको असलेले दोन दिवेही पेटतात. म्हणून एका वेळी एकच ओळ पेटवायची, ती विझवून पुढची. अशी फेरी सेकंदाला १०० वेळा झाली तर एका ओळीच्या वाट्याला १/७०० सेकंद येतो, जेमतेम १.४ मिलिसेकंद. तेवढ्यात पुरेसा उजेड पडावा म्हणून प्रवाह वाढवतात. डोळा सातही ओळी जोडून घेतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपणाऱ्या कॅमेऱ्याला काही ओळीच सापडतात.

छपाईतही काटकसर हीच. १९८० च्या एप्सन एमएक्स-८० प्रिंटरच्या डोक्यात नऊ पिना होत्या, एकाखाली एक; डोकं सरकत जाई आणि अक्षर उभ्या रांगांनी उमटे.

आजच्या पडद्यांना अशा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांची गरज नाही, तरी २०२२ साली आलेल्या नथिंग कंपनीच्या फोनने ठिपक्यांचा टाइप (अक्षरांचं वळण) मिरवला. घड्याळाचे आकडे, शीर्षक, पोस्टर यांना तो शोभतो. सलग मजकुराला मात्र वापरू नये. डोळ्याला साधारण एक कलामिनिट (अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनापर्यंतचे ठिपके वेगळे दिसतात. मीटरभरावर हे अंतर ०.३ मिमी होतं. तीन मिमी अंतरावरचे ठिपके दहा मीटरवरून जुळून रेघ होतात. हातातल्या कागदावरचे ०.४ मिमीचे ठिपके धड जुळत नाहीत, धड उठून दिसत नाहीत, आणि डोळे शिणतात. अक्षरं तिरकी करणं किंवा त्यांच्यात अर्ध्या ठिपक्याचं अंतर सोडणंही टाळावं. जाळं मोडलं की अक्षराचा चेहराच जातो.

तुटक अक्षरांनी स्मरणशक्ती वाढते, या दाव्यावर विसंबू नका. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ मध्ये याच दाव्यासह ‘सान्स फर्गेटिका’ हा तुटक अक्षरांचा टाइप आणला. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो फायदा दिसला नाही.

खरी कसोटी देवनागरीची. सात ओळींत शिरोरेषेला एक, वरच्या मात्रेला दोन, खालच्या उकाराला दोन. ‘क’च्या पोटाला उरतात दोन.