शंखातला समुद्र, जिन्यातला सूर

शंख कानाला लावला की समुद्राची गाज ऐकू येते, हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मोठेपणी त्यावर एक दुरुस्ती ऐकायला मिळते: समुद्र कुठला, तो तर आपल्याच कानातल्या रक्ताच्या वाहण्याचा आवाज! ही दुरुस्ती मूळ समजुतीइतकीच चुकीची आहे, पण विज्ञानाचा वेष घालून येते म्हणून तिला कुणी हटकत नाही. पडताळा सोपा आहे. दोन मजले धावत चढा आणि छाती धडधडत असतानाच शंख कानाला लावा. रक्ताचा आवाज असता तर तो नाडीबरोबर वाढायला हवा होता. तसं होत नाही. आता तोच शंख घेऊन जाड पांघरुणात डोकं खुपसा. गाज विरून जाते. आवाज बाहेरचाच आहे, शंख त्यातला ठरावीक भाग तेवढा उचलून धरतो.

बोट कानात घट्ट घातल्यावर जी खोल घरघर ऐकू येते, ती मात्र खरोखर शरीराची असते. तीही रक्ताची नव्हे, बोटाच्या आणि हाताच्या ताणलेल्या स्नायूंची. मूठ आवळली की ती वाढते.

शंखाचं रहस्य नीट कळायला शंख मुळीच लागत नाही, पुठ्ठ्याची नळी लागते. जाड कागदाची सुरळी चालेल. लांबी ३४ सेंटीमीटर, व्यास ४ सेंटीमीटर, दोन्ही तोंडं उघडी. खोलीत पंखा किंवा सोडलेला नळ असू द्या. अशा आवाजात खालच्या-वरच्या सगळ्या कंपनांची सरमिसळ असते, म्हणून त्याला स्वतःचा सूर नसतो. आता नळीचं एक तोंड कानापासून बोटभर अंतरावर धरा. पंख्याच्या सरसरीला एक स्पष्ट सूर चढलेला ऐकू येईल. मग नळी हळूच कानाशी आणून घट्ट दाबा. सूर एकदम घसरतो, जवळजवळ एक सप्तक खाली.

हे का होतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. नळीत शिरलेला आवाज दुसऱ्या टोकाला पोचतो आणि टोक उघडं असलं तरी सगळाच बाहेर पडत नाही. तोंडाशी हवा अचानक मोकळी होते आणि लाटेचा काही भाग उलटून मागे फिरतो. उलटून म्हणजे दाब वाढवत गेलेली लाट दाब कमी करत परत येते. दुसऱ्या तोंडाशी ती पुन्हा उलटते, म्हणजे सुलटते. दोन लांब्यांचा फेरा पुरा झाला की लाट मूळ रूपात जागेवर हजर. नेमक्या त्याच वेळी बाहेरून त्याच तालाचं पुढचं कंपन आत येत असेल तर दोन्हींची बेरीज होते. ज्यांचा ताल जुळत नाही ती कंपनं एकमेकांना खातात. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, फेरा ०.६८ मीटरचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५०० फेरे. सूर ५०० हर्ट्झचा.

प्रत्यक्षात तो थोडा खालचा येतो, ४७० च्या आसपास. तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर हलते, त्यामुळे प्रत्येक उघडं तोंड नळीला तिच्या त्रिज्येच्या ०.६ पट लांब करतं. २ सेंटीमीटर त्रिज्येला दोन्हीकडून १.२ सेंटीमीटर, म्हणजे नळी ३४ ऐवजी ३६.४ सेंटीमीटरची. कानाने एक तोंड बंद केल्यावर तिथे लाट उलटत नाही, तशीच परत फिरते. मग एका फेऱ्यात एकदाच उलटणं होतं आणि मूळ रूपात यायला दोन फेरे लागतात. सूर निम्मा, सुमारे २४४ हर्ट्झ. एक तोंड बंद झाल्यामुळे त्या बाजूची जादा लांबी गेली, म्हणून अगदी निम्मा नाही. तयार कानाला हा फरक कळतो: सप्तक पुरं भरत नाही. शिवाय बंद नळीत वरचे सूर फक्त विषम पटीचे उरतात, मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, म्हणून तिचा आवाज पोकळ वाटतो.

प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. खोली फार शांत असते, आणि नळी नवा आवाज निर्माण करत नाही. नळी मऊ कागदाची असते आणि कंपनं कडेतच जिरतात. किंवा कान आणि नळी यांच्यात फट राहते, मग सूर दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. शंखाची पोकळी गुंडाळलेली आणि निमुळती असल्यामुळे तिचे सूर रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात. हात किंचित हलला तरी ते कमीजास्त होतात. त्या चढउतारालाच आपण लाटा म्हणतो.

१६९३ साली डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी फ्रान्समधल्या शांतिई इथल्या बागेबद्दल लिहून ठेवलं आहे. तिथे एक कारंजं होतं आणि समोर रुंद दगडी पायऱ्या. कारंजं आणि पायऱ्या यांच्या मधे उभं राहिलं की पाण्याच्या सळसळीत एक सूर ऐकू येई. हायगेन्सनी तर्क केला की प्रत्येक पायरीवरून आवाज थोडा थोडा उशिरा परत येतो आणि हे समान अंतराचे प्रतिध्वनी मिळून सूर होतो. पायरीची रुंदी सुमारे १७ इंच होती. त्यांनी तेवढ्याच लांबीची कागदाची नळी केली, तिचा सूर पाहिला, तो जुळला. हिवाळ्यात पायऱ्या बर्फाने झाकल्या गेल्यावर सूर नाहीसा झाला, हेही त्यांनी टिपलं.

नळी आणि पायरी सारख्याच लांबीची का लागावी? पुढची पायरी एका रुंदीने दूर, म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन दोन रुंद्या जास्त पडतात. नळीतल्या फेऱ्याचा हिशोबही दोन लांब्यांचाच. हवेला आत कोंडलं काय किंवा उघड्यावर पायऱ्यांनी मोजून परत पाठवलं काय, कानाला समान अंतराने येणारी पुनरावृत्ती हवी असते.

पुनरावृत्ती एकच असली, म्हणजे एकच प्रतिध्वनी असला, तरी चालतं. कमी उंचीवरून जेट विमान जाताना त्याच्या घोंघावात एक सूर खाली उतरतो आणि मग पुन्हा वर चढतो. बहुतेक जण याला डॉप्लर परिणाम म्हणतात, म्हणजे आवाज करणारी वस्तू जवळ येताना सूर वरचा आणि दूर जाताना खालचा ऐकू येणं. पण डॉप्लरमध्ये सूर फक्त उतरतो, परत चढत नाही. हा सूर थेट आलेला आवाज आणि जमिनीवरून परत फिरून आलेला आवाज यांच्या अंतराचा आहे. विमान डोक्यावर असताना १.५ मीटर उंचीच्या कानाला जमिनीचा आवाज ३ मीटर जास्त चालून येतो, सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा. सूर ११५ हर्ट्झच्या जवळपास. त्याच क्षणी खाली उकिडवे बसा. कान ७५ सेंटीमीटरवर आला की सूर दुप्पट वर जातो. विमानाला तुमच्या बसण्याचा पत्ता नसतो, तेव्हा डॉप्लरचा प्रश्नच मिटतो. जमीन मात्र काँक्रीटची किंवा डांबराची हवी. गवतावर हा सूर क्षीण होतो.

रिकाम्या घराच्या बोळकंडीत टाळी वाजवली की 'झ्झ्झ' असा धातूचा आवाज घुमतो. रिकाम्या, बंद घरात 'काहीतरी' असल्याच्या कितीतरी गोष्टी अशाच आवाजावर पोसल्या आहेत. १.२ मीटर अंतरावरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी येरझारा घालते. भिंतीला टेकून वाजवली तर सेकंदाला सुमारे १४३ ठोके, मधोमध वाजवली तर दोन्हीकडचे ठोके एकदम पोचतात आणि संख्या दुप्पट होते. एका भिंतीवर जाड चादर लटकवा, भूत गेलं.

मेक्सिकोतल्या चिचेन इत्साच्या पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की पक्ष्यासारखा उतरता चीत्कार परत येतो. तो बांधणाऱ्यांनी मुद्दाम घडवला असा दावा सतत फिरतो. वरच्या पायऱ्यांकडे जाणारा आवाज तिरका चढत जातो, त्यामुळे वरच्या पायऱ्यांचे प्रतिध्वनी एकमेकांपासून लांबत जातात आणि सूर उतरतो. कुठल्याही लांब, उघड्या दगडी जिन्यासमोर हे घडेल. बांधणाऱ्यांचा हेतू प्रतिध्वनीतून सिद्ध होत नाही.

थेट आणि परत आलेल्या आवाजातून घडणाऱ्या अशाच सुरावर अंध माणसं भिंत ओळखतात. पूर्वी त्यांना चेहऱ्याच्या त्वचेने अडथळा जाणवतो असं मानत. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांत दोन अंध आणि दोन डोळे बांधलेल्या डोळस व्यक्तींना अडथळ्याकडे चालायला लावलं. कान बंद केल्यावर सगळे अडथळ्यावर आदळले, चेहरा झाकल्यावर नाही. पुढच्या प्रयोगांत आवाजाचे प्रकार बदलून पाहिले. सरसरीच्या आवाजाने अडथळा कळत होता, १० हजार हर्ट्झखालच्या शुद्ध एकसुरी आवाजाने कळेना. एकाच सुरात निवडायला काही नसतं, म्हणून.

घरी करून पाहायचं तर उघडी, गुळगुळीत भिंत निवडा. एक मीटरवर उभे राहा, डोळे मिटा, हात पुढे धरा आणि तोंडाने सलग 'श्श्श' करत सावकाश पुढे सरका. साधारण अर्ध्या मीटरच्या आत आल्यावर 'श्श्श'चा रंग बदलू लागतो आणि जितकं जवळ जावं तितका त्यातला सूर चढतो. थांबलात की तो हरवल्यासारखा वाटतो, कारण कानाला बदल पटकन कळतो, स्थिर सूर नाही. डोकं पुढे-मागे हलवत राहा. मग कुणाला तरी सांगा की न बोलता तुम्हाला उघड्या दाराकडे वळवावं, आणि पुन्हा 'श्श्श' करा.