विद्यार्थी मतदान कर्मचारी

मतदानाचे वय न झालेल्या विद्यार्थ्यांना मतदान केंद्रावर अधिकृत काम देण्याची पद्धत. अमेरिकेतील अनेक राज्यांत ती रूढ आहे, भारतात नाही. सातारा-सांगलीकडे विद्यार्थी मतदानाच्या दिवशी दिसतात ते स्वयंसेवक म्हणून.

अमेरिकेत केंद्र चालवायला आपल्यासारखी सरकारी नोकरांची फौज नसते. स्थानिक निवडणूक कार्यालय परिसरातल्याच नागरिकांना एका दिवसापुरते नेमते, प्रशिक्षण आणि मानधन देते. यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण मोठे. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने अनेक ज्येष्ठ घरी राहिले, तेव्हा तरुणांची निकड फारच जाणवली. कॅलिफोर्नियात १६ वर्षांचा विद्यार्थी चालतो, मात्र गुणांची सरासरी ४ पैकी किमान २.५ हवी आणि एका केंद्रावर असे ५ पेक्षा जास्त नकोत. मिनेसोटात १६-१७ वर्षांची मुले प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, पण केंद्रावरील कर्मचाऱ्यांत ती एक तृतीयांशाहून अधिक नसावीत अशी अट आहे. घरी वेगळी भाषा बोलणारा विद्यार्थी तिथे विशेष उपयोगी ठरतो, कारण इंग्रजी न येणाऱ्या मतदाराशी तो बोलू शकतो.

भारतात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २६ नुसार जिल्हा निवडणूक अधिकारी केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमतो. हे कर्मचारी शासकीय, निमशासकीय सेवेतले असतात, आणि आपल्याकडे त्यांत मोठा भरणा शिक्षकांचा. कामात कसूर झाली तर कलम १३४ खाली शिक्षा आहे. सोळा वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी कशी टाकायची, हा खरा अडसर आहे आणि तो रास्त आहे. मुलांची कुवत हा प्रश्न नाही. मतदार यादीत नाव शोधणे, ओळखपत्र पाहणे, डाव्या तर्जनीला शाई लावणे, नोंदवहीत सही घेणे ही कामे अकरावीच्या मुलीला एका दुपारी शिकवता येतील.

दुसरी बाब ओळखीची. आपल्याकडे पथके संगणकीय सरमिसळीने ठरतात, कोणाला कुठले केंद्र मिळेल हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मतदान असते तेव्हा तिथले गुरुजी दुसऱ्याच तालुक्यात साहित्य घेऊन गेलेले असतात, आणि शाळेत परकी माणसे बसलेली असतात. निःपक्षपातीपणासाठी हे आवश्यकच आहे. पण कोणत्या आजींना दिसत नाही, कोणाला चाकाची खुर्ची लागेल, हे त्या पथकाला ठाऊक नसते. ते ठाऊक असते गावच्या मुलांना. सांगलीतील जत तालुक्याच्या पूर्व भागात तर कन्नड बोलणाऱ्या मतदाराशी संवाद साधायलाही तीच उपयोगी.

ही उणीव स्वयंसेवक काही अंशी भरून काढतात. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, स्काउट-गाईडची मुले रांग लावणे, पाणी देणे, ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारांना दारापर्यंत नेणे ही कामे करतात. दोन्ही जिल्ह्यांत ७ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले ते ऐन उन्हाळ्यात; अशा दिवशी रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला सावली आणि पाणी मिळणे ही किरकोळ सेवा नव्हे.

साताऱ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 'कमवा आणि शिका' या वाटेने काम हाच शिक्षणाचा भाग केला. निवडणुकीचे काम त्यात बसते.

नववी ते बारावीसाठी निवडणूक साक्षरता मंडळे २०१८ पासून आहेत. २०२२ पासून १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना ६, आगाऊ भरता येतो. शाळांतून विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या निवडणुकाही होतात, मोबाइलवरच्या मतदान यंत्रासह. तिथे सगळे लक्ष उमेदवारांकडे जाते, हे मला खटकते. कारण अधिक शिकतो तो यादी घेऊन बसलेला मुलगा. खऱ्या केंद्रावर मतदान सुरू होण्याआधी अभिरूप म्हणजे चाचणीचे मतदान घेतात, निकाल पडताळतात आणि ती मते यंत्रातून पुसून टाकतात. मतदान संपल्यावर मतदान यंत्राच्या नियंत्रण यंत्रातील आकडा आणि मतदारांच्या सह्यांच्या १७-अ नोंदवहीतील मतदारांची संख्या जुळवावी लागते. सही करूनही मत न देता परतलेला एखादा मतदारही त्या हिशेबात धरावा लागतो. शाळेच्या निवडणुकीत हा ताळा मुलांकडूनच करून घेतला पाहिजे.