स्किझोफ्रेनिया आणि मेंदूतल्या पोकळ्या

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार, झालेल्या तरुणांच्या मेंदूत बदल दिसले, अशी बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी नवी वाटते. ही शोधाशोध सव्वाशे वर्षांची आहे, फक्त मधली बरीच वर्षे ती जवळजवळ सोडून दिलेली होती.

जर्मनीचा मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने १८९० च्या दशकात या आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हटले, म्हणजे अकाली होणारा बुद्धिभ्रंश. ऐन तारुण्यात बिघाड सुरू होतो, हे नावातच होते. हा मेंदूचाच रोग, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याचा सहकारी अलॉइस अल्झायमर याला १९०६ मध्ये विस्मरणाच्या आजाराच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली सापडल्या. या तरुण रुग्णांच्या मेंदूत मात्र तशी ठळक खूण काही मिळेना. १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव आणले. आपला ‘छिन्नमनस्कता’ त्यावरूनच आला, आणि ‘एका माणसात दोन माणसे’ हा गैरसमजही. नवे नाव रुळले आणि वयाचा उल्लेख गेला.

जिवंत माणसाचा मेंदू पाहायचा तर १९२० च्या दशकात मुख्य मार्ग एकच होता. कमरेत सुई घालून मणक्यातले पाणी काढायचे, तेवढी हवा आत सोडायची, ती मेंदूतल्या पोकळ्यांपर्यंत (द्रवाने भरलेल्या या जागा प्रत्येकाच्याच मेंदूत असतात) चढली की एक्स-रे घ्यायचा. पुढचे काही दिवस डोके ठणकायचे, उलट्या व्हायच्या. १९२७ मध्ये याकोबी आणि विंक्लर यांनी १९ रुग्णांची अशी तपासणी केली; १८ जणांच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पण तुलनेसाठी धडधाकट माणसाला कोण असली सुई टोचणार? त्यामुळे निष्कर्ष अधांतरीच राहिला.

त्या रिकाम्या जागेत भलतेच सिद्धांत शिरले. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ ही कल्पना मांडली. ती अनेक वर्षे चालली. आधीच खचलेल्या किती आयांनी हा ठपका सोसला असेल, कोण जाणे.

कोंडी फुटली ती सीटी स्कॅनमुळे. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले आणि १९७६ मध्ये तिथल्याच नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी १७ जुनाट रुग्णांची ८ निरोगी व्यक्तींशी तुलना केली. रुग्णांच्या पोकळ्या खरोखरच मोठ्या होत्या. १९९० मध्ये एमआरआयने आणखी नेमके दाखवले: एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्यांपैकी १२ मध्ये, आजारी कोण हे नुसत्या चित्रावरून ओळखता आले.

मग प्रश्न बदलला. बदल होतो तरी कधी? इथून संशोधन पुन्हा तरुणांकडे वळले. पौगंडावस्थेत मेंदू चेतापेशींमधले अनावश्यक जोड छाटून टाकतो. ही छाटणी बिघडत असावी, असा तर्क अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ च्या सुमारास मांडला होता. २००१ मध्ये अमेरिकेत १२ किशोरवयीन रुग्णांचे पाच वर्षे पुन्हापुन्हा स्कॅन करून पाहिले, तेव्हा करड्या भागाची, म्हणजे चेतापेशींनी दाटलेल्या थराची, झीज आधी पार्श्वखंडात (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला) सुरू होऊन पुढे कपाळाकडच्या भागात सरकताना दिसली. मेलबर्नच्या गटाने २००३ मध्ये आजाराचा धोका असलेल्या तरुणांचा अभ्यास केला. पुढे ज्यांना आजार झाला त्यांच्यातले काही फरक लक्षणे उघड होण्यापूर्वीच दिसत होते. २०१६ मध्ये या धोक्याशी जोडलेले ‘सी ४’ जनुक छाटणीतही भाग घेते असे आढळले आणि फाइनबर्ग यांच्या तर्काला बळ मिळाले.

एक अडचणीचा मुद्दाही आहे. २०११ च्या, २११ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात औषधांचे प्रमाण जास्त तिथे करडा भाग किंचित जास्त घटलेला आढळला. म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत, कारण औषध सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. पण सगळी घट आजाराच्याच खात्यावर टाकता येत नाही.

आणि हे सगळे फरक सरासरीतले. निरोगी आणि आजारी मेंदूंची मापे एकमेकांत एवढी मिसळतात की एकट्या स्कॅनवरून निदान होत नाही. डॉक्टर एमआरआय सांगतात तो मुख्यतः गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला. म्हणूनच मुलाला आवाज ऐकू येत असतात आणि रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’ लिहिलेले असते.