पाळी आणि कोठा

मासिक पाळीच्या चक्राबरोबर शौचाच्या सवयीत होणारा बदल. पाळीच्या आधीचे काही दिवस पोट फुगते, कोठा साफ होत नाही. पाळी आली की दिवसातून दोन-तीनदा पळावे लागते. प्रत्येकीला असे होतेच असे नाही. होते त्यांच्यात आधीच्या बद्धकोष्ठाचे खापर पाणी कमी पिण्यावर आणि नंतरच्या जुलाबांचे आदल्या दिवशीच्या मिसळीवर फुटते. मिसळ बहुधा निर्दोष असते.

बीज सुटल्यावर, म्हणजे 28 दिवसांच्या चक्रात चौदाव्या दिवसाच्या सुमारास, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. त्याने आतड्याचे स्नायू सैलावतात. मळ रेंगाळतो, त्यातले पाणी शोषले जाऊन खडा होतो. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन घसरते आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिने नावाची रसायने सुटतात. त्यांनी गर्भाशय आवळते, आणि शेजारचे आतडेही. पहिल्या दिवशी उठलेली कळ पाळीची की शौचाची, हे म्हणूनच कळेनासे होते.

ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिने तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. पाळीत घेतली जाणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी त्याच जातीची. ती जेवणानंतर घ्यावी. काहींना तिनेच जुलाब होतात. रक्त कमी म्हणून दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी उलट बद्धकोष्ठ होते.

लोकलच्या डब्यात शौचालय नसते. ठाण्याहून वाशी-पनवेलची गाडी धरणारी बाई त्या दिवशी चपला घालून पुन्हा काढते, आणखी एकदा जाऊन येते, नेहमीची गाडी सोडते. वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीत ठाणे महापालिकेने एका स्वयंसेवी संस्थेबरोबर जानेवारी 2021 मध्ये सार्वजनिक शौचालयाला जोडून पाळीसाठी स्वतंत्र खोली सुरू केली. तिथे वाहते पाणी, जेट स्प्रे, साबण, कचऱ्याचा डबा आहे. अशा सोयींची चर्चा पॅडपाशी थांबते. बिघडलेल्या पोटाचा विषय निघत नाही.

दर पाळीत शौचाच्या वेळी असह्य दुखत असेल किंवा मळातून रक्त जात असेल, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शक्यता तपासावी लागते. पाळीच्या तारखेशेजारी पोटाचीही खूण कॅलेंडरवर केलेली असली की डॉक्टरांना दोन-तीन महिन्यांत मेळ दिसतो. पाळी संपून आठवडा झाला तरी जुलाब थांबत नसतील, तर कारण दुसरीकडे शोधावे.